कोण म्हणालं, 'सुरू कर'?

१ जुलै २०२५, मंगळवार

नवीन फेलो आली. भार्गवी. पुण्याची, वय बत्तीस. हृदय आणि छातीच्या शस्त्रक्रियांची भूल शिकायला एक वर्ष माझ्या हाताखाली. किडकिडीत, जाड चष्मा, बुटांच्या बंदांना दुहेरी गाठ. मी फाइल नेहमी मागून उघडते. आधी शिफारसपत्र, मग मार्क. पत्राखालची सही बघितली आणि फाइल मिटली.

श्रीधर खांडेकर.

इंग्रजी 'के'ची तीच लांब शेपटी. अठ्ठावीस वर्षांत जरासुद्धा आखडली नाही!

लिहितो काय — 'माझ्या हाताखाली तयार झालेल्यांत ही सर्वोत्तम.' बरं. बघूच किती उत्तम ते.

२ जुलै

घरी नवऱ्याला, रवींद्रला सांगितलं. चहा ओतता ओतता म्हणाला, "मग? त्या पोरीने काय केलंय?"

काही नाही केलं. मीही काही केलं नव्हतं.

इथे एकदाच लिहून ठेवते. १९९७. मुंबई. मी सीनियर रजिस्ट्रार, खांडेकर आमच्या युनिटचा कन्सल्टंट. मायट्रल झडपेची केस. झडप बदलून झाली. हृदयाचं काम मशीन करतं तोवर रक्त पातळ ठेवावं लागतं, आणि मशीन सुटलं की ते पुन्हा गोठावं म्हणून प्रोटामीन देतात. पण त्याआधी छातीतलं रक्त ओढून मशीनकडे नेणाऱ्या नळ्या बंद झालेल्या हव्यात. नाहीतर मशीनमधलंच रक्त गोठतं. मग हृदय पुन्हा दमलं तर परत जायला मशीनच उरत नाही. पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं हे.

खांडेकर दारात उभा होता. हातात दुसऱ्या थिएटरमधून आलेली चिठ्ठी. चिठ्ठीतून मान वर न करता म्हणाला, "सुरू कर." मी सुरू केलं. नळ्या चालू होत्या. दहा मिनिटांत हृदय बसलं. मशीन थिजलेलं. मायट्रल टेबलावरच गेली.

चौकशीत त्याने लिहिलं: 'हात घाईचे, कान बंद. न विचारता औषध दिलं.' इंग्रजीत होतं, पण माझ्या डोक्यात ते मराठीतच जाऊन बसलंय. त्याचं 'सुरू कर' दुसऱ्या कोणी ऐकलं नव्हतं. निदान तसं सांगितलं सगळ्यांनी. मुंबईत मला कोणी दारात उभं करेना. तिशीत इथे सिंगापूरला आले आणि पुन्हा तळापासून चढले. माझ्याहून सहा वर्षांनी लहान पोरांना 'सर' म्हणत.

तीन महिन्यांनी फेलोचा अहवाल मी लिहिते. नापास केलं तर फेलोशिप संपली, वर्क पास रद्द, घरी परत. आणि नियमाप्रमाणे अहवालाची प्रत शिफारस करणाऱ्याला जाते.

म्हणजे खांडेकरच्या टेबलावर. ३० सप्टेंबरला. त्याचंच वाक्य. शब्दाला शब्द!

४ जुलै

तिला हजेरी शिकवली. आमच्या थिएटरात प्रोटामीनआधी हजेरी होते. मीच लावलेली पद्धत. भूल देणाऱ्याने मोठ्याने विचारायचं, "सकर्स?" म्हणजे रक्त ओढणाऱ्या नळ्या. मशीन चालवणारा गोह म्हणतो, "सकर्स ऑफ." सर्जन डॉक्टर लिम म्हणतात, "ऑफ. गो." तिन्ही आवाज कानावर आल्याशिवाय सिरिंजला अंगठा लावायचा नाही. शिवाय थिएटरात फक्त इंग्रजी. आपली भाषा आपल्या घरी.

गोह तिला त्याच्या 'ला'वाल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "सोळा वर्षं मी हजर आहे, डॉक्टर. आजारपणाची एमसी घेतली तरी हजेरी चुकत नाही ला."

ती हसली. मी बघितलं. हसणं थांबलं.

११ जुलै

एक गोष्ट सापडली. प्रोटामीन तिने आजवर स्वतःच्या हाताने दिलेलंच नाही! कॉरिडॉरमध्ये विचारलं.

"सर देऊ देत नाहीत, मॅडम. कोणालाच नाही. स्वतः देतात."

"सहा वर्षांत एकदाही नाही?"

"नाही. भिंतीवर एक पांढरा बोर्ड आहे. त्यावर आधी पेशंटचं नाव लिहितात, मग वेळ, मग स्वतःचं नाव. आणि मगच देतात. आम्ही हसायचो. मागून कोणीतरी म्हणायचं, आता सर आरती म्हणणार."

म्हणजे अजून माझं उदाहरण देतोय. शिकणाऱ्यांच्या हातात औषध दिलं की काय होतं बघा! एका खोटेपणावर सगळी शिस्त उभारलीय लेकाने.

तिच्या चुकांसाठी वेगळी वही केली. त्यात लिहिलं: अनुभव अपुरा. चूक नंबर एक.

२१ जुलै

चूक सापडली नाही.

२३ जुलै

आजही नाही. घशातून कॅमेरा घालून हृदय बघायचं तिचं तंत्र माझ्या इतर दोन्ही फेलोंपेक्षा चांगलं आहे. हे त्या चुकांच्या वहीत लिहिलं नाही.

एक खोड मात्र चीड आणते. पेशंटना नावाने बोलते. "मॅडम, मिसेस को यांचं पोटॅशियम कमी आहे." मी म्हटलं, "कोण मिसेस को?" "आपल्या सकाळच्या." "सकाळची एऑर्टिक म्हण. नाव शस्त्रक्रियेआधीच्या टाइम-आउटला एकदा वाचलं की पुरे. दिवसाला चार छात्या उघडतात इथे. नावं लक्षात ठेवत बसलीस तर आकडे विसरशील."

"सरांनी सवय लावलीय, मॅडम."

"इथे सर नाहीत."

९ ऑगस्ट

राष्ट्रीय दिन. सुट्टी. विमानं डोक्यावरून गेली, खिडक्या थरथरल्या. चुकांची वही काढून बसले. चुका चार, त्यातल्या तीन मला स्वतःलाच पटत नाहीत.

रवींद्र डोकावला. "काय लिहितेस?" "कामाचं." "चेहरा तर शिव्या लिहिताना होतो तसा झालाय."

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

रवींद्रने घात केला! मंडळाच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं की वुडलँड्समध्ये एक डॉक्टर मुलगी एकटीच आहे, कोणीतरी बोलवा. ह्याने बोलावलं. नाव न विचारता! दार उघडलं तर ती. हातात स्टीलचा डबा. उकडीचे मोदक. भाड्याच्या खोलीत, घरमालकिणीच्या डिम समच्या टोपलीत उकडलेले. अकरा मोदक, सगळ्यांच्या कळ्या सारख्या.

मला बघून तिचा रंग उडाला. "मॅडम… हे तुमचं घर?"

"बुकित तिमाहमध्ये दुसरी मराठी माणसं नाहीत का?" मी म्हटलं.

रवींद्र मध्ये पडला. "ये गं, ये. हिचं मनावर घेऊ नकोस, ही गणपतीलाही आधी उपाशी पोटी आहेस ना विचारते."

जेवताना त्याने विचारलंच — सिंगापूर का निवडलंस? ती म्हणाली, "सरांनी दोनच नावं दिली होती. म्हणाले, सिंगापूरला गेलीस तर ह्यांच्याच हाताखाली जा. त्या फार छळतील. छळू देत."

मी आमटी वाढली. वाटी काठोकाठ भरली, थेंब सांडला नाही. अभिमान वाटला मला माझ्या हाताचा.

ती गेल्यावर रवींद्र म्हणाला, "ऊर्मी, एक ठरव. तिचे मोदक खायचे की तिला खायचं."

तीन खाल्ले. त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही.

५ सप्टेंबर

अहवालाचा मसुदा केला. वाक्य बरोबर मध्यभागी. 'हात घाईचे, कान बंद.' आता फक्त प्रसंग हवा. प्रसंगाशिवाय वाक्य टिकणार नाही — समिती विचारेल. त्याच्याकडे प्रसंग होता. मला हवाय.

१२ सप्टेंबर

प्रोटामीन आता ती देते. हजेरी घेऊन, वेळेवर. माझ्या समोर सहा केसेस. एकदाही चुकली नाही. वाट बघतेय.

१७ सप्टेंबर, बुधवार

दिलं! न विचारता दिलं! माझ्या डोळ्यांसमोर!

नीट लिहिते. तीन रक्तवाहिन्यांचा बायपास. पेशंट बस कॅप्टन, म्हणजे इथला बस ड्रायव्हर, वय त्रेसष्ट. मशीन सुटलं होतं, हृदय छान चालत होतं. लिमना छातीत कुठून तरी पाझर दिसत होता, नळ्या चालूच होत्या. मी इकोच्या स्क्रीनसमोर होते. भार्गवीने सिरिंज लावली आणि विचारलं, "सकर्स?" गोह खाली वाकून रक्ताची पिशवी बदलत होता. उत्तर आलं नाही. लिमही काही बोलले नाहीत. मी वळून बघते तर सिरिंज पुढे सरकलेली! तीन मिली आत!

मी ओरडले. गोहने नळ्या दाबल्या. मशीनच्या टाकीत राजम्याएवढ्या गुठळ्या. मशीन गेलं. हृदयाने दगा दिला असता तर १९९७च होतं. नाही दिला. दोन तास आम्ही कोणी बसलो नाही. बस कॅप्टन आयसीयूत व्यवस्थित पोचला.

बाहेर हात धुताना तिला धरलं. "हजेरी कुठे होती?"

ती पांढरी पडलेली. "मॅडम, तुम्ही म्हणालात."

"मी? काय म्हणाले मी?"

"सुरू कर."

खोटं! आणि नेमके तेच दोन शब्द! ही मला त्याच दगडाने मारतेय. त्याने सांगून पाठवलं असणार — अडकलीस तर हे म्हण, तिला हे शब्द लागतात. इतका खाली गेला!

देव जागेवर आहे. प्रसंग मिळाला.

१८ सप्टेंबर

घटनेचा फॉर्म सोमवारपर्यंत द्यायचा. 'औषध कोणी दिलं', 'सूचना कोणाची', 'साक्षीदार'. सूचनेच्या रकान्यात लिहिलं: कोणाचीही नाही. त्याखाली ते वाक्य. अक्षर सुरेख आलंय. इतकं सुरेख बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं.

गोहला सहीसाठी कँटीनमध्ये गाठलं. कोपी, म्हणजे इथली कॉफी, ढवळत त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. पेन खाली ठेवलं.

"डॉक्टर, तिने विचारलं होतं."

"एकदा. उत्तराची वाट नाही बघितली."

"उत्तर तुम्ही दिलंत ना."

"मी?"

"तुमच्या भाषेत काहीतरी. मी खाली होतो, पण ऐकलं. सु-रु-कर. असं. मला वाटलं, तिला ओरडताय. मग तिने ढकललं."

मी म्हटलं, कॅनॉट बी, शक्यच नाही. तो म्हणाला, "मला कुठे तुमची भाषा येते? मी कुठून बनवू हे शब्द?"

"तिने सांगितलं तुला."

"ती कालपासून आयसीयूत बसलीय ला. मिस्टर सालेहच्या बेडशेजारी. मला भेटलीच नाही."

"मिस्टर सालेह कोण?"

गोहने माझ्याकडे बघितलं. "तुमचा बस कॅप्टन."

सही न करता उठला. कोपी तशीच.

१९ सप्टेंबर

मला आठवत नाही. अजिबात नाही. चार वेळा ते सगळं डोळ्यांसमोर आणलं. स्क्रीन, लिमची पाठ, गोहचं टक्कल, तिचा आवाज. त्यात माझा आवाज कुठेच नाही. बायबल, गीता, काय हवं त्यावर हात ठेवून सांगितलं असतं की मी बोलले नाही. आणि दोघांनी ऐकलंय. त्यातल्या एकाला ते शब्द येतही नाहीत.

मी तेव्हा काय करत होते? अहवाल मनात घोळवत होते. 'घाईचे' ठेवू की 'उतावळे'. 

आणि थिएटरात मराठीत बोलले! मी!

२० सप्टेंबर, शनिवार

हे मला नको आहे. खांडेकरच्या हातात चिठ्ठी होती. तोही दुसरीकडेच होता. मान वर न करता म्हणाला. मग त्यालाही आठवलं नसेल? चौकशीत त्याला जे खरं वाटलं तेच त्याने लिहिलं असेल? अठ्ठावीस वर्षं मी एका विसरलेल्या माणसाला शिव्या घालत आले?

नाही! त्याला ही सूट नको! खोटारडाच बरा होता. खोटारड्याशी वैर धरता येतं. विसराळू माणसाचं काय करायचं?

रवींद्र म्हणाला, जेव. म्हटलं, भूक नाही. म्हणाला, "काय झालं ते सांगायचं नसेल तर नको सांगू, पण भाताशी भांडू नकोस."

२१ सप्टेंबर

आज आयसीयूत गेले. ती होतीच. रविवारी. माझा गुरुवारचा फॉर्म गोहच्या सहीविना बाद. नव्या फॉर्ममधला तिचा भाग तिने भरला होता. वाचला. 'औषध मी दिलं. हजेरी पूर्ण नव्हती. माझी चूक.' सूचनेचा रकाना कोरा.

"हे कोरं का?"

"तुम्ही म्हणालात की नाही, ते तुम्ही लिहायचं, मॅडम. मी माझं लिहिलंय."

"मी 'नाही' लिहिलं तर?"

"तर मी परत जाईन."

"सरांना काय सांगशील?"

"सर विचारतील, दुसऱ्यांदा का नाही विचारलंस. त्याला माझ्याकडे उत्तर नाही."

तेवढ्यात बस कॅप्टनने डोळे उघडले, माझ्याकडे बोट केलं आणि तिला विचारलं, "ही बॉस?" ती म्हणाली, "हो." तो म्हणाला, "फार कडक चेहरा ला." आणि झोपला.

रकाना कोरा. एक 'नाही' लिहिलं की काम झालं. लिमनी काही ऐकलेलं नाही. गोहचं 'सु-रु-कर' समितीला काय कळणार? तिचं करिअर संपलं, त्याचं नाक कापलं. सगळं माझ्या पेनाच्या टोकावर. खांडेकरही १९९७च्या चौकशीत ह्याच जागी उभा होता. आठवत असो वा नसो — ज्युनियर म्हणते, 'तुम्ही म्हणालात.' हे त्याने ऐकलं होतं. आणि ते खरं असू शकतं, एवढंही त्याला वाटलं नाही.

ह्याला माफी नाही. विसरण्याला असेल. ह्याला नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

फॉर्म दिला. 'सूचना: माझी. मराठीत. मला आठवत नाही. ऐकणारे दोन आहेत, त्यांचं खरं धरावं.'

गोहने सही केली. दुपारी माझ्या टेबलावर एक कोपी होती, साखर कमी.

२५ सप्टेंबर

विभागप्रमुखांनी बोलावलं. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. फार गोड बोलले. सहा महिने फेलोंची जबाबदारी दुसऱ्याकडे, आणि प्रोटामीन देताना माझ्यासोबत दुसरा कन्सल्टंट. भार्गवीचा अहवाल तेवढा मीच लिहायचा, तीन महिने मीच बघितलंय म्हणून.

अठ्ठावन्नाव्या वर्षी शेजारी पहारेकरी! मीच लावलेल्या पद्धतीवर!

३० सप्टेंबर

अहवाल दिला. उत्तीर्ण. 'हात उत्तम. कान उघडे. उत्तर आलं नाही तर दुसऱ्यांदा विचारायला शिकावं, समोर सीनियर कोणीही असो.' एक शब्दही गोड घातला नाही. तिने वाचला आणि रडली. मी म्हटलं, बाहेर जाऊन रड, इथे निर्जंतुक आहे.

प्रत पुण्याला गेली. सोबत मी वेगळा मेल लिहिला. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा त्याला लिहिलं. घटनेचं सगळं सांगितलं, फॉर्ममधल्या माझ्या उत्तरासकट. खाली दोनच ओळी:

'माझ्या तोंडून गेलं, मला आठवत नव्हतं, तरी मी लिहिलं. असं लिहितात, सर. तुम्हाला आठवत होतं का?'

हे माझं उट्टं. त्याने ते रोज सकाळी चहाबरोबर गिळावं.

३ ऑक्टोबर

उत्तर नाही. भित्रा!

६ ऑक्टोबर

उत्तर आलं.

'आठवत होतं. चौकशीच्या दिवशीही. हे पत्र तू कोणालाही दाखव, मी नाकारणार नाही. जी टेबलावर गेली तिचं नाव मीनल पाठारे. वय एकतीस. बोर्डावर पहिलं नाव अजून तिचंच लिहितो, मग पुसून त्या दिवशीच्या पेशंटचं.'

ही डायरी पहिल्या पानापासून चाळली. त्याचं वाक्य पाच ठिकाणी आहे. ती एकाच ठिकाणी. आणि तिथे मी लिहिलंय — मायट्रल.